प्रत्यक्ष भेटीची आवश्यकता नाही

१२ ऑगस्ट

चिंगे,

नमुन्याची पेटी उघडल्याबरोबर माझं अक्षर दिसेल आणि तुझ्या कपाळाला आठ्या पडतील. पडू देत. पण कागद फेकू नकोस, कारण याच्याखाली झाडाचं पान आहे आणि पानाला उत्तर देणं तुम्हाला भाग आहे. "शेतकऱ्यांकडून आलेल्या प्रत्येक नमुन्याचे निदान मोफत कळवले जाईल." तुमच्या विद्यापीठाच्या विस्तार विभागाच्या पत्रकावर ठळक छापलंय. म्हटलं, लेक म्हणून उत्तर देणार नसेल तर रोगनिदानवाल्या मॅडम म्हणून तरी देईल.

दुसरा रस्ता ठेवलाय का तुम्ही दोघांनी मला? शेजारणीच्या फोनवरून तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "आई, आधी बाबा स्वतः बोलू देत, मग मी येते. तू मध्ये पडू नकोस." आणि ठेवून दिलास. इकडे तुझ्या बापाने माझ्याकडून शब्द घेतलाय, या घरातून पुन्हा तुला फोन जाणार नाही म्हणून. माझी अडकित्त्यातली सुपारी झाली आहे. पण पत्र लिहू नकोस असं दोघांपैकी कोणी म्हणालेलं नाही. तेवढी फट मला पुरे.

त्या मेळाव्याचं मी उकरून काढत नाही. तू मोठ्या पडद्यावर ते एका अंगाने पिवळं पडलेलं पान दाखवलंस, नियमाप्रमाणे बागेचं नाव घेतलं नाहीस, नुसता नंबर सांगितलास. सभागृहात कोणालाच कळलं नसतं. पण फांदीला बांधलेली निळी सुतळी यांनी ओळखली. स्वतः बांधलेली गाठ माणूस ओळखणार नाही का? तू म्हणालीस या रोगावर औषध नाही, बाग काढली नाही तर आसपासच्या सगळ्या बागा जातील. खरं होतं ते. आता तर सगळे म्हणतात, पोरीने गाव वाचवलं. फक्त आधी घरी येऊन बापाला सांगायला हवं होतंस, एवढंच माझं म्हणणं आहे. चार लोकांत कळलं, ते त्यांना लागलं. मग ते बोलले, तू बोललीस, आणि तोफेच्या तोंडी मी.

संत्र्याची बाग गेली. आता विहिरीपाशी तुमच्याच रोपवाटिकेतली पाच रोपं लावली आहेत, जाळीच्या आत. हो, यांनीच आणली. मला म्हणाले, स्वस्त मिळत होती. विश्वास ठेवला मी, ठेवावा लागतो.

हे पान त्यातलंच. शेंड्याकडे फिकट दिसतंय. रोग आहे की काय ते कळव. आणि तू जेवतेस ना नीट, तेही कळव.

कच्चं आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आणि मग हे पक्कं. शाळेतली खोड, जात नाही.

तुझी आई

२ सप्टेंबर

चिंगे,

आला गं तुझा अहवाल! पोस्टमनच्या हातातून मी अक्षरशः ओढून घेतला. "नमुना निरोगी. फिकटपणा लोहाच्या कमतरतेमुळे. नमुना प्लॅस्टिकमध्ये बांधून पाठवू नये, कोरड्या कागदात गुंडाळावा." बस्स. आईला उत्तर द्यायचं तर तीन ओळी! पण खाली सही तुझी आहे. ती ओढाताण केलेली सही, दहावीत असल्यापासूनची. मी त्यावरून बोट फिरवलं, खोटं कशाला सांगू.

लपवून ठेवणार होते. पण तांदळाच्या डब्याखाली ठेवलेला कागद या माणसाला नेमका दिसतो, एरवी समोर ठेवलेला चष्मा दिसत नाही. वाचला. मला वाटलं आता भडका उडणार. तर म्हणतात, "लोह कमी आहे होय. मलाही तेच वाटत होतं." आणि बाहेर गेले. संध्याकाळी येताना औषधाच्या दुकानातून पुडा घेऊन आले.

यावेळचा फॉर्म त्यांनीच भरलाय, बघ. मी भरते म्हटलं तर म्हणाले, "तुझं अक्षर कोणाला लागतं? उगाच दुसऱ्याचा निकाल आपल्याला यायचा." पान कोरड्या कागदात गुंडाळून, पेटीला दोरी बांधून, फॉर्म पाकिटात घालून वर चिकटवला. माझं पत्र आत आहे हे त्यांना माहीत आहे. बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

त्यांना खोकला झालाय. साधाच. धुळीने होतो म्हणतात. तुला उगाच सांगितलं.

आई

५ ऑक्टोबर

चिंगे,

देव तुझं भलं करो. खोकल्याचं लिहिलं होतं, तर तुझ्या अहवालाच्या तळाशी ओळ आली: "फवारणी करताना नाकातोंडाला कापड बांधावे. प्रकृतीची काळजी घ्यावी." मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. ते खिडकीपाशी बसले होते. म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग उठून स्वतःच माझा जुना सुती रुमाल शोधून काढला, आणि तेव्हापासून जाळीत जाताना बांधतात. फवारणी असो नसो. दरोडेखोर दिसतात. मी म्हटलं तसं, तर हसले. किती दिवसांनी हसले, विचारू नकोस.

म्हणजे वाचतेस तू माझी पत्रं. मला तेवढंच हवं होतं. सरळ उत्तर देत नाहीस, नको देऊस. तूही त्यांचीच लेक, मोडशील पण वाकणार नाहीस.

आता एक गंमत. परवा मी बाहेरून आले तर हे फोन कानाला लावून बसलेले. मला बघून पटकन ठेवला. तरुणपणी असं केलं असतं तर मी काय ते समजले असते, या वयात काय समजायचं? मी नंबर बघितला. तुमच्या विद्यापीठाची सल्ला लाईन. भाजीपाल्यासाठी एक दाबा, फळबागेसाठी दोन दाबा, ती रेकॉर्ड केलेली. दोन दाबलं की वेगळाच कोणी पुरुष बोलतो. एक दाबलं की तू बोलतेस, कोबीवरच्या मावा किडीबद्दल. चिंगे, आपण जन्मात कोबी लावलेला नाही. हा माणूस रोज दुपारी कोबीवरचा मावा ऐकतो.

"फोन करायचा नाही ना?" मी म्हटलं. तर म्हणतात, "मी कुठे बोलतोय? मी ऐकतोय."

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय. काढू. तू काळजी करू नकोस.

आई

२१ नोव्हेंबर

चिंगे,

मागच्या वेळी फोटोचं लिहिलं होतं, त्यावर तू काहीच कळवलं नाहीस. अहवालात फक्त "पाण्याचा निचरा नीट ठेवावा." मी म्हटलं, बाई कामात असेल. पण आता लपवण्यात अर्थ नाही. फुप्फुसात गाठ आहे. पसरलंय. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि मला बाहेर बोलावलं. हे आत बसून शर्टाची बटणं लावत होते. घरी येताना बसमध्ये मला म्हणाले, "काढून टाकावी लागते ना बाग, एकदा पसरलं की?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ये गं. राग असेल तो इथे येऊन कर, समोर बसून भांड, मी मध्ये पडणार नाही. पण ये.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही दोन शब्द बोला तिच्याशी, ती तुमच्या शब्दासाठी अडून बसली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत जाळीत गेले. पान तोडायला. मी मागोमाग. एका रोपावर दोन पानांना डाग होते, मी म्हटलं हे घ्या, हे पाठवण्यासारखं आहे. तर माझ्यावरच डाफरले. "रोगट पानं बघून बघून तिचे डोळे गेले असतील. तिला चांगलं पान पाठवायचंय." मग एकेक फांदी वाकवून बघत होते. शेवटी विहिरीच्या बाजूच्या रोपाचं एक निवडलं, हिरवंगार, तळव्याएवढं.

फॉर्म भरायला फार वेळ लागला. "प्रत्यक्ष भेट हवी आहे का? होय, नाही" असं तुम्ही छापता ना, तिथे येऊन थांबले. चष्मा पुसला. मग "होय" समोर खूण केली. नीट उमटली नाही वाटतं म्हणून पुन्हा गिरवली.

आणि पेटी बांधायच्या आधी त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून पानाखाली ठेवला. मी विचारलं नाही, वाचलाही नाही. बाप-लेकीचं आहे, मी कोण? पण चिंगे, तू म्हणाली होतीस ना, आधी बाबा बोलू देत. बोलले ते. त्यांच्या परीने बोलले. आता तुझी पाळी.

वाट बघते.

आई

१४ डिसेंबर

अहवाल मिळाला.

"नमुना निरोगी. प्रत्यक्ष भेटीची आवश्यकता नाही."

त्यांनी माझ्या हातून घेतला, स्वतः वाचला. परत घडी घातली. म्हणाले, "बरोबर आहे तिचं. निरोगी झाडाला कशाला भेट." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दिवसभर पाणीसुद्धा मागितलं नाही.

काय लिहिलं होतं गं त्यांनी, की तुला त्यावर हे एकच वाक्य सुचलं? मरणाऱ्या माणसाने हात पुढे केला तर शत्रूसुद्धा धरतो. कोणाची पोर तू? मी वाढवलेली पोर अशी नव्हती. दाराशी आलेल्या भटक्या कुत्र्याला भाकरी दिल्याशिवाय जेवत नव्हती ती.

फोन करून पाया पडावं असं मनात येतं. मग वाटतं, का? तुला सगळं ठाऊक आहे. एकूण एक गोष्ट मी कळवली आहे. माहीत नसलेल्याला सांगता येतं, माहीत असून न येणाऱ्यापुढे किती रडायचं? आता ते फक्त दूध घेतात, तेही चमच्याने. कोबीचं ऐकणं बंद केलंय.

यासोबत पान ठेवायचं म्हणून ठेवलंय. खाली पडलेलं होतं, ते उचललं. फॉर्म मीच भरलाय. हे शेवटचं. यायचं असेल तर ये, नसेल तर तुझी मर्जी.

१९ फेब्रुवारी

चिंगे,

हे पत्र पेटीतून येत नाहीये. तुमच्या विभागाचा तो विस्तारवाला, जाड चष्म्याचा, मोटारसायकलवर फिरतो तो, त्याच्या हाती देते आहे. तो ओसरीवर चहा घेत बसलाय आणि मी आत लिहिते आहे. सोबत कॅलेंडरच्या पाठीवरची सगळी कच्ची पत्रं आहेत. ती आधी वाच. तारखेप्रमाणे लावली आहेत. मग इथे ये.

वाचलीस?

बाबा गेले, चिंगे. डिसेंबर संपता संपता. सकाळी, मी दूध गरम करायला उठले होते तेव्हा. त्रास झाला नाही. शेजारणीचा मुलगा म्हणाला, ताईला कळवू का? मी म्हटलं, तिला माहीत आहे. असं म्हणाले मी. माझ्या तोंडाने म्हणाले. त्यांना पोहोचवून आल्यावर दोन दिवसांनी तुमचा कागद आला: "नमुना वाळलेला असल्याने निदान शक्य नाही. मेलेली पाने पाठवू नयेत." मी तो चुलीत घातला आणि त्या दिवसापासून तुझं नाव घेतलं नाही. कोणी काढलं तर उठून आत जायचे.

आणि आज हा आला. जाळीतली रोपं बघायची म्हणाला. मी म्हटलं, आम्ही बोलावलं नाही. तर म्हणे, "मोठ्या मॅडमनी मुद्दाम पाठवलंय. या बागेचे नमुने एकदम का थांबले, सगळं ठीक आहे ना बघून या, म्हणाल्या. दर सोमवारी विचारतात, आला का या नंबरचा नमुना." त्याला माहीत नाही तू कोण ते.

मी म्हटलं, तुमच्या मॅडमना विचारा, एवढी पत्रं लिहिली तेव्हा कुठे होत्या. तो म्हणाला, "कुठली पत्रं? पेटीत घातलीत की काय?" मी हो म्हटल्यावर त्याने चष्मा काढला. फॉर्मची मागची बाजू मला दाखवली. बारीक अक्षरात आहे. तो संत्र्याचा रोग आल्यापासून नियमच आहे म्हणाला: बागेतून आलेली पेटी खालच्या खोलीत उघडतात, पान काढून घेतात आणि पेटी, दोरी, आतला एकूण एक कागद त्याच दिवशी भट्टीत जाळतात, रोग पसरू नये म्हणून. फॉर्म ऑफिसात राहतो. तुझ्या टेबलावर फक्त पान येतं आणि बागेचा नंबर. फॉर्मवर भेट मागितलेली असली आणि पान निरोगी निघालं की भेटीचं ते वाक्य ऑफिसातच आपोआप छापून येतं. नाकातोंडाला कापड बांधा, प्रकृतीची काळजी घ्या, हे तर फवारणीच्या त्या महिन्यात सगळ्यांच्याच अहवालावर छापलं होतं म्हणाला.

सगळ्यांच्याच. आणि तुझा बाप रुमाल बांधून हिंडत होता.

फॉर्मची मागची बाजू कोण वाचतं गं? बाग आयुष्यभर सांभाळली त्यांनी, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही सोडत नसत. पण लेकीकडे पेटी धाडायची तर माणूस पुढची बाजू भरतो आणि दोरी बांधतो.

त्यांनी डागाचं पान तोडलं असतं तर तू आली असतीस. हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मी दाखवलं होतं त्यांना. पण तुला चांगलंच पान द्यायचं होतं.

त्यांच्या चिठ्ठीत काय होतं ते मला माहीत नाही. आता कोणालाच कळणार नाही. मी वाचली असती तर आज तुला सांगितलं असतं. "माफ कर" होतं, की "जेवतेस ना" होतं, की उलट चार शिव्या होत्या, देव जाणे. मी खोटं काही रचून तुला सांगणार नाही. रचावंसं फार वाटतं.

आणि तू मला माफ कर. मागच्या पत्रात लिहिलंय ते वाचलं असशीलच. भट्टीत गेलं तेच बरं होतं, पण कच्च्यातून काढलं तर तुला वाटेल आई अजून काही लपवते. तुझी वाट बघता बघता मी तुला दगड म्हणत होते, आणि तू तिकडे सोमवारी सोमवारी आमच्या पानाची वाट बघत होतीस. हिरवं पान आलं की तुला वाटत असेल, बाबा बरे आहेत, झाडं सांभाळतायत. हो ना? तसंच वाटलं असेल. मला ते डोळ्यासमोर येतं आणि लिहवत नाही.

चष्मेवाला म्हणतोय, माझ्या फोनवरून बोला ना मॅडमशी. मी नको म्हटलं. हे मला फोनवर सांगता येणार नाही आणि तुला ऑफिसात उभं राहून ऐकवणार नाही. त्याला मी काही सांगितलेलं नाही. फक्त एवढं म्हटलं, मॅडमच्या हातात द्या, आणि त्या वाचत असताना खोलीत कोणी थांबू नका.

रोपं पाचही छान आहेत. विहिरीजवळचं सगळ्यांत उंच झालंय. चष्मेवाल्याने पान मागितलं, मी तोडू दिलं नाही.

एक काम कर. खाली ऑफिसात जा आणि नोव्हेंबरचा आमचा फॉर्म काढून घे. तो जाळलेला नाही, फायलीत आहे. अक्षर हललेलं आहे, पण त्यांचंच आहे. भेट हवी का विचारलंय तिथे बघ. "होय" वर खूण आहे, दोनदा गिरवलेली. तू म्हणाली होतीस, आधी बाबा बोलू देत.

बोलले आहेत. ये.

तुझी आई